हनुवटीपर्यंतचा दांडा

हनुवटीबाईंच्या घरी राग कायमचा राहायला होता. कधी तो कोपऱ्यात डुलक्या घेत पडलेला असे, कधी सकाळी सकाळी भांड्यांच्या आवाजातून हजेरी लावी. पण यंदा पानगळीच्या दिवसांत त्याने घराचा सगळा ताबाच घेतला. बाईंच्या तोंडून एक वाक्य सरळ निघेल तर शपथ. दूधवाल्याला, शेजारणीला, दाराच्या कडीलासुद्धा त्या दिवसांत बोलणी खावी लागली.

त्यांचं खरं नाव बागखात्याच्या हजेरीपुस्तकात असेल. माणसांच्या तोंडी मात्र हेच होतं, आणि तेही त्यांच्या पाठीमागे. शहरातल्या सगळ्या बागांची अवजारं ज्या एका लांबट, दमट खोलीत ठेवलेली असत, त्या खोलीच्या खिडकीमागे बाईंनी एकतीस वर्षं काढली. सकाळी साडेसहाला कामगारांची रांग लागायची. कुणी फावडं मागायचा, कुणी खराटा, कुणी दाताळं, म्हणजे पानं ओढायची लांब दांड्याची ती दातेरी पट्टी. मागितलं आणि मिळालं असं बाईंच्या राज्यात होत नसे. अवजार आधी माणसासमोर उभं करायचं. फावड्याचा दांडा छातीला लागला पाहिजे आणि दाताळ्याचा हनुवटीला. हनुवटीच्या खाली नको, नाकाच्या वर नको. एखादा लबाड मान खाली घालून हलकं, आखूड दाताळं पदरात पाडून घ्यायला बघायचा, तर बाई खिडकीतून हात बाहेर काढून त्याची हनुवटी धरून वर करायच्या. त्यावरून हे नाव पडलं.

हा नियम कोणत्याही कागदावर नव्हता. बाईंनीच तो काढला होता, आणि त्यामागे त्यांचे वडील होते. ते खड्डे खणायचे. आयुष्यभर मिळेल त्या आखूड कुदळीने खणत राहिले आणि पन्नाशीत असे वाकले की शेवटी त्यांना निजवतानाही पाठ टेकेना. बाईंनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं की आपल्या हातून आखूड दांडा कुणाच्या हातात जाणार नाही. खात्यात एक कामगार सहा फूट एक इंच उंच होता, सगळे त्याला उंट म्हणत. त्याला पुरेल असा दांडा खोलीत नव्हता. बाईंनी वरच्या कचेरीला तीन पत्रं लिहिली, चौथ्या वेळी स्वतः जाऊन साहेबांच्या टेबलासमोर ठाण मांडलं, आणि उंटासाठी खास दांडा करून घेतला. बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी उंट त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, बाई, माझी पाठ तुमची आहे. बाईंनी त्याला, रांगेत उभा राहा, असं सांगितलं, कारण डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना कुणाला दाखवायचं नव्हतं.

त्यांचे यजमान वीजमीटर वाचायचे. गल्लीतल्या कुणाच्याही घरी दाराच्या वर बसवलेला मीटर ते स्टूल न घेता वाचत, एवढे उंच. बोलण्याचं मात्र त्यांना वावडं. घराघरांत जाऊन आकडे टिपायचे, वहीत लिहायचे, पुढच्या दाराला जायचं. निवृत्त झाल्यावर वही गेली आणि दारंही गेली. मग उरलं ते घरामागचं अंगण आणि त्यातलं ते थोराड झाड, जे वर्षातले दोन महिने नुसतं पानं ओतत असे. बाईंनी लग्नानंतर लवकरच जाहीर करून टाकलं होतं की दिवसभर अवजारांत मरते, घरी अवजाराला हात लावणार नाही. तेव्हा अंगण मीटरवाल्यांकडे आलं आणि त्यांच्याकडेच राहिलं. ते रोज सकाळी भिंतीच्या कडेपासून सुरुवात करून पानं मधे ओढत, त्यांचा ढीग करत, मग मागे सरून ढिगाकडे जरा वेळ बघत. त्यानंतरच नाश्ता. पानगळीच्या दिवसांत हा माणूस घरात शीळ घालायचा, एरवी कधीच नाही.

बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना बघत आणि बघता बघता ओरडत. अहो, सरळ उभे राहा की, कुबड काढून काय झाडताय. वर्षानुवर्षं हेच. वाकायची खोडच आहे तुम्हाला, असं त्या चारचौघांतही म्हणत, आणि मीटरवाले हसून खराटा जागेवर ठेवत, दाताळं खिळ्याला अडकवत.

यंदा पानगळ सुरू होऊन आठवडा झाला होता. एका सकाळी मीटरवाले ढिगावर वाकले ते वाकलेलेच राहिले. त्यांना सरळही होता येईना आणि बसताही येईना. बाई आणि शेजारी मिळून त्यांना आत घेऊन आले. डॉक्टरांनी फोटो काढले, पट्टा दिला, गोळ्या दिल्या. मग व्यायाम शिकवणारी बाई घरी यायला लागली. तिने स्पष्ट सांगितलं की पाठ अनेक वर्षं चुकीची वापरली गेली आहे. तीन महिने वाकायचं नाही. नंतर सरळ उभं राहून जेवढं जमेल तेवढंच. जमेल का, असं बाईंनी विचारलं, तर ती म्हणाली, ते त्यांच्या मनावर आहे.

घोडं तिथेच अडलं होतं. मीटरवाल्यांचं मन कुठे होतं? ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. व्यायामवाली आली की सांगेल तेवढे हातपाय हलवत आणि ती गेली की पुन्हा भिंत. खिडकीबाहेर पानं पडत होती, ढीग न होता नुसती साचत होती, रात्रीच्या दवाने ओली होऊन फरशीला चिकटत होती. त्यांना तो आवाज ऐकू येत असणार. दोनदा त्यांनी विचारलं, नाली तुंबली का. तिसऱ्या दिवसापासून तेही विचारेनासे झाले. अंगण हातातून गेलं तर हा माणूस उठायचा नाही, एवढं बाईंना कळून चुकलं. भीती वाटली की त्यांना राग येई. जन्मात दुसरी काही रीत त्यांना जमली नव्हती. त्यामुळे त्या आजारी माणसावरच डाफरत राहिल्या. किती वेळा सांगितलं होतं, सरळ उभे राहा म्हणून. आता भोगा.

मुलगी सुटी काढून आली. ती एका मोठ्या कंपनीत कामांची आखणी करते, त्यामुळे तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं. तिने फोनवर चार चित्रं दाखवली. आई, पानं उडवायचा ब्लोअर घेऊ, आठवड्यातून एकदा माणूस येईल, अर्ध्या तासात अंगण साफ. बाबांनी आता त्या भानगडीत पडायचंच नाही. बाईंनी तिला विचारलं की मग बाबांनी काय करायचं. मुलगी म्हणाली, आराम. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीकडे तोंड करून चाललाय तो आरामच की, त्या म्हणाल्या, आणि चपला पायात सरकवून बाहेर उभ्या राहिल्या. चल, मी बघते तुझी यंत्रं.

दुकान मोठं होतं, बागेच्या सामानाचा एक सबंध मजला होता. गळ्यात पट्टा अडकवलेला एक विक्रेता लगेच चिकटला. त्याने मागच्या मोकळ्या जागेत नेलं. तिथे खोक्यात नमुन्याची पानं ठेवली होती, सगळी एकसारखी, कोरडी, कुरकुरीत. ती त्याने फरशीवर टाकली आणि ब्लोअर सुरू केला. पानं क्षणात पलीकडच्या भिंतीला जाऊन बसली. मुलगी खूश झाली. बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि सगळी त्या पानांवर उपडी केली. आता उडव, म्हणाल्या. विक्रेत्याने उडवून बघितलं. वरची दोन पानं उठली, बाकीची जागची हलली नाहीत, त्याच्याच पँटवर मात्र शिंतोडे उडाले.

मग त्यांनी ते यंत्र स्वतः खांद्याला लावून बघितलं. वजन सगळं एका खांद्यावर, थरथर थेट मणक्यात, आणि आवाज असा की शेजारपाजार भांडायला येईल. पानं तरी कुठे गेली? भिंतीपलीकडे, म्हणजे शेजारणीकडे. हे झाडणं नाही, हे दुसऱ्याच्या दारात ढकलणं आहे, असं त्यांनी विक्रेत्याला सुनावलं. पानं ओढून घेऊन त्यांचा चुरा करणारं यंत्र होतं, त्याची पिशवी भरली की कमरेत वाकून रिकामी करायला लागायची. ढकलगाडीसारखं, चाकांचं झाडायचं यंत्र होतं. ते सपाट हिरवळीवर झकास चाललं असतं, पण त्यांच्या अंगणातल्या मुळांनी उचललेल्या फरशीवर त्याची चाकं दुसऱ्याच दिवशी वाकडी झाली असती. प्लास्टिकचं दाताळं बाईंनी नुसतं हाताने वाकवलं आणि एक दात तुटून खाली पडला. विक्रेत्याने तो उचलून खिशात टाकला आणि त्यानंतर तो जरा लांबूनच बोलू लागला.

बाई खरं तर रंगात आल्या होत्या. एकतीस वर्षांची विद्या अशी सगळ्यांसमोर पाजळायला मिळाली होती. पंख्यासारखं पसरलेलं पोलादी दाताळं त्यांनी शोधून काढलं, दात एकेक दाबून बघितले, ओल्या पानांवर फिरवलं. पानं मुकाट्याने गोळा झाली. हे, त्या म्हणाल्या, आणि याला चांगला लाकडी दांडा.

दांडे बसवणारा माणूस मजल्याच्या टोकाला, छोट्या करवतीपाशी बसला होता. पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, कामाशिवाय तोंड न उघडणारा. बाईंना तो लगेच आवडला. त्याने दाताळं हातात घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "वापरणाऱ्याची उंची किती? हनुवटीपर्यंत कापून देतो."

बाईंनी हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. मग म्हणाल्या, उंच आहेत. त्याने पुन्हा विचारलं, उंच म्हणजे किती. सहा फूट असतील, त्या म्हणाल्या. असतील म्हणून चालत नाही बाई, तो शांतपणे म्हणाला, चार बोटं आखूड झाला की माणूस जन्मभर वाकतो. नक्की मोजून या.

हे वाक्य बाईंचं होतं. अगदी शब्द न शब्द त्यांचं, खिडकीतून हजार वेळा फेकलेलं. चारशे कामगारांच्या हनुवट्या त्यांना बोटांवर पाठ होत्या. कोण किती उंच, कुणाचे हात लांब, कुणाचा डावा खांदा पडलेला, आजही विचारा. आणि चाळीस वर्षं ज्याच्यासोबत एका ताटाशी बसल्या त्या माणसाची हनुवटी कुठे येते ते त्यांना ठाऊक नव्हतं. मुलीने विचारलं की बाबांना फोन करू का. नको, असं बाई एवढ्या जोरात म्हणाल्या की करवत थांबली. काहीही न घेता त्या जिना उतरल्या. मुलगी मागून विचारत राहिली की झालं काय, तर त्यांनी बसथांब्यापर्यंत दुकानाला, विक्रेत्याला, ब्लोअर बनवणाऱ्याला आणि शेवटी मुलीच्या फोनला शिव्या घातल्या.

घरी पोचल्यावर त्या आत गेल्याच नाहीत. बाजूने वळसा घालून अंगणात आल्या, ओल्या पानांतून पाय ओढत मागच्या भिंतीपाशी गेल्या आणि खिळ्याला अडकवलेलं जुनं दाताळं काढलं. बावीस वर्षांपूर्वी खात्याने जुनी अवजारं मोडीत काढली तेव्हा त्यांनीच ते आणलं होतं. तीस-चाळीस दाताळ्यांतून निवडलं होतं. दांडा चिवट, गाठ नाही, भेग नाही. निवडताना सवयीने समोर उभं करून बघितलं होतं आणि अचूक वाटलं होतं.

त्यांनी ते आताही समोर उभं केलं. दांड्याचं टोक त्यांच्या स्वतःच्या हनुवटीला लागलं. ना केसभर वर, ना केसभर खाली.

बाई तशाच आत गेल्या, चिखलाच्या पायांनी, दाताळं हातात. मीटरवाले भिंतीकडे तोंड करून पडले होते. उठा, त्या म्हणाल्या. मुलीने अडवायला बघितलं तर तिला बाजूला सारलं. मीटरवाले पट्टा आवळून, पलंगाचा कठडा धरत, कण्हत उभे राहिले, कमरेत अर्धे वाकलेले. बाईंनी दाताळं त्यांच्यासमोर टेकवलं. एवढं वाकूनही दांडा शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी संपला. ते सरळ असते तर तिसऱ्या नाहीतर चौथ्या.

"तुमची उंची किती?"

"सहा फूट दोन इंच," मीटरवाले म्हणाले. मग कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवून, "होती."

उंटापेक्षा एक इंच जास्त. ज्या उंटासाठी त्यांनी तीन पत्रं लिहिली होती.

"हे आखूड आहे हे तुम्हाला कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

मीटरवाल्यांनी दांड्यावरून हात फिरवला. बावीस वर्षांत त्यांच्या पंजाने तो जिथे धरला होता तिथे लाकूड काळं, तुळतुळीत झालं होतं. "एवढं हौसेनं निवडून आणलं होतंस," ते म्हणाले. "दांड्यांतलं तुला कळतं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. मला चालत होतं."

आता रडायला हरकत नव्हती, पण बाईंना ते जमलं नाही. त्यांना राग आला. खिडकीतून त्या याच माणसाला कुबड्या म्हणत होत्या. स्वतः दिलेल्या शिक्षेबद्दल स्वतःच रोज सकाळी रागावत होत्या, आणि हा शीळ घालत भोगत होता. कुणावर ओरडायचं हेच त्यांना कळेना. म्हणून त्यांनी मुलीवर ओरडून घेतलं की फरशी पुसून घे, चिखल झालाय, आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या. बऱ्याच वेळाने मुलगी शेजारी येऊन बसली. तिने फोन काढला नाही, काही सुचवलंही नाही. बाईंनी तिला बसू दिलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच त्या दारात हजर होत्या. सहा फूट दोन इंच, त्यांनी दांडेवाल्याला सांगितलं. त्याने मोजून खूण केली, त्यांनी ती खूण पुन्हा मोजली, मग करवत चालली. टोक पॉलिश कागदाने घासायचं काम त्यांनी त्याला करू दिलं नाही, तिथेच बसून स्वतः घासलं. एवढा लांब दांडा बसमधून आणताना दोघातिघांना टोचला, त्यांनाही बाईंनीच दम दिला.

त्या घरी पोचल्या तेव्हा व्यायामवाली आलेली होती. मीटरवाले खोलीच्या मधे उभे होते. बाईंनी नवं दाताळं त्यांच्यासमोर उभं केलं. टोक त्यांच्या भुवयांच्या मधोमध आलं. मीटरवाल्यांनी त्याच्याकडे बघण्यासाठी डोळे तिरळे केले, आणि कितीतरी दिवसांनी मुलगी हसली. मग तिच्यातली आखणी करणारी बाई जागी झाली. ती म्हणाली की घरात करवत आहे, सहा बोटं कापली की आजच्या आज बाबांना बरोबर बसेल. व्यायामवालीही म्हणाली, सध्याची ठेवण अशीच आहे, फार आशा धरू नये. मीटरवाल्यांनी दोघींकडे बघितलं आणि मान डोलावली.

"कापा," ते म्हणाले. "मला चालेल."

"चालेल म्हणायचं नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "या घरात यापुढे हा शब्द काढायचा नाही. दांडा बरोबर आहे. एकदा माझं चुकलं, दुसऱ्यांदा चुकायची नाही. याला कुणी करवत लावायची नाही. तुम्ही सरळ व्हायचं. किती दिवस लागतील ते लागू देत, तोवर हे इथेच उभं राहील."

त्यांनी दाताळं पलंगासमोरच्या भिंतीला, ज्या भिंतीकडे ते तोंड करून पडत तिलाच, टेकवून ठेवलं. मीटरवाले त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी व्यायामवालीला विचारलं की तो पाठ भिंतीला लावायचा प्रकार दिवसातून कितीदा करायचा. तिने सांगितलं तीनदा. चारदा केला तर, त्यांनी विचारलं.

बाई तिथे थांबल्या नाहीत. बाहेर पानांचा थर साचला होता आणि नाली खरंच तुंबत आली होती. त्यांनी जुनं दाताळं घेतलं, भिंतीच्या कडेपासून सुरुवात केली, मीटरवाले करायचे तशीच, आणि ओली पानं मधे ओढायला लागल्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या हे करत होत्या. दांडा हातात असा बसला की जणू त्यांच्यासाठीच केलेला. लाकडावरच्या त्या काळ्या, तुळतुळीत जागा तेवढ्या त्यांच्या हाताला कुठेच जुळत नव्हत्या. त्या पार वरच्या टोकाशी होत्या, जिथे धरूनही उंच माणसाला कमरेतून वाकावं लागतं. त्या ओढत राहिल्या, झाडाला, पानांना, दांड्याला आणि स्वतःला ऐकू जाईल अशी बोलणी देत राहिल्या. नाली मोकळी झाली, ढीग छातीएवढा झाला. तासभर झाडूनही त्यांची पाठ जराही दुखली नाही, आणि त्या सगळ्या दिवसांत सर्वांत जास्त राग त्यांना त्याचाच आला.